चौथा क्रमांक आणि प्रेक्षकाची कसोटी

ऑगस्ट २०२४ मधील चार दिवस भारतीय क्रीडाप्रेमींच्या स्मरणातून सहजासहजी जाणार नाहीत. ६ ऑगस्टच्या दुपारी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कुस्तीच्या मॅटवर विनेश फोगाटने जपानच्या युई सुसाकीला ३-२ असे नमविले. सुसाकी ही टोकियोची सुवर्णविजेती. तोवरच्या ८२ आंतरराष्ट्रीय लढतींत एकदाही न हरलेली. लढत संपायला काही सेकंद उरेपर्यंत विनेश ०-२ अशी मागे होती. त्याच रात्री तिने उपांत्य लढत ५-० अशी जिंकली आणि किमान रौप्यपदक निश्चित झाल्याचा आनंद घराघरांत पसरला. जवळजवळ त्याच सुमारास हॉकीचा संघ उपांत्य सामन्यात जर्मनीकडून २-३ असा हरत होता. दुसऱ्या दिवशी दुपारी बातमी आली की, सकाळच्या वजनात विनेश १०० ग्रॅम अधिक भरली आणि अपात्र ठरली. त्या रात्री मीराबाई चानूने १९९ किलो वजन उचलले. कांस्यपदक २०० किलोला गेले. मध्यरात्र उलटल्यावर बीड जिल्ह्याचा अविनाश साबळे तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम शर्यतीत अकरावा आला. ८ तारखेच्या सायंकाळी हॉकी संघाने स्पेनला २-१ असे हरवून कांस्यपदक मिळविले, रात्री बाराच्या पुढे नीरज चोप्राने ८९.४५ मीटर भाला फेकून रौप्यपदक घेतले, आणि ९ तारखेला अमन सेहरावत या एकवीस वर्षांच्या मल्लाने कुस्तीतील कांस्यपदक आणले.

या चार दिवसांत कोट्यवधी भारतीयांनी प्रत्यक्ष काय केले? ते बसून होते. त्यांनी भाला उचलला नव्हता की वजन घटविण्यासाठी रात्र जागून काढली नव्हती. तरीही त्यांची छाती धडधडली, घसा कोरडा पडला, डोळे भरून आले. आजोबांनी देवापुढे हात जोडले, मुलांनी उशा फेकल्या, दुसऱ्या दिवशी कचेऱ्यांत आणि लोकलच्या डब्यांत दुसरा विषय नव्हता. या भावनेला खोटी म्हणण्याचे धाडस कोणी करू नये. परंतु ती पुरेशी आहे काय, आणि तिच्यापोटी कोणावर कोणते कर्तव्य येते, हा प्रश्न मात्र विचारलाच पाहिजे. पदकविजेत्याच्या गळ्यात हार घालणे सोपे असते. समाजाच्या मनाची खरी परीक्षा चौथ्या क्रमांकाच्या खेळाडूपुढे होते.

रसिक आणि खेळाडू

परक्याच्या सुखदुःखाने माणूस का हेलावतो, या प्रश्नाचा भारतीय परंपरेने फार खोल विचार केलेला आहे. भरतमुनींच्या नाट्यशास्त्राने रसाची चर्चा मांडली. पुढे भट्टनायकाने साधारणीकरणाची कल्पना दिली. रंगमंचावरील दुःख हे त्या एका पात्राचे उरत नाही, ते सर्वांचे होते, म्हणून प्रेक्षक त्यात न्हाऊन निघतो. असा अनुभव घेऊ शकणाऱ्याला अभिनवगुप्तांनी 'सहृदय' या सुंदर नावाने संबोधले. ऑलिम्पिकच्या रात्री दूरचित्रवाणीपुढे जे घडते ते साधारणीकरणच होय. मणिपूरच्या मीराबाईचा एक किलो हा पुण्यातल्या गृहिणीचाही एक किलो होतो. ज्याने मणिपूर नकाशावर क्वचितच पाहिले असेल, त्याला त्या क्षणी मणिपूर आपल्या अंगणाएवढे जवळ वाटते. राष्ट्र ही कल्पना पाठ्यपुस्तकातून मनात उतरायला वर्षे लागतात. अशा एका रात्रीत ती आपोआप उतरते.

मात्र रंगभूमी आणि मैदान यांत दोन मोठे भेद आहेत. नाटकाचा शेवट नाटककाराने आधीच लिहून ठेवलेला असतो. मैदानावरचा शेवट कोणालाच ठाऊक नसतो, म्हणून तेथील उत्कंठा अधिक तीव्र. दुसरा भेद अधिक महत्त्वाचा आहे. पडदा पडल्यावर नट चेहऱ्यावरचा रंग पुसतो आणि नायकाचे दुःख तेथेच ठेवून घरी जातो. खेळाडूला तसे करता येत नाही. तो पराभव अंगावर घेऊनच घरी जातो आणि पुढे कित्येक वर्षे त्याच्यासह जगतो. प्रेक्षकाचे दुःख दुसऱ्या दिवशीच्या चहाबरोबर निवते. खेळाडूचे दुःख निवत नाही. नाटकाच्या प्रेक्षकाने रसास्वाद घेऊन उठावे, एवढे पुरते. खेळाच्या प्रेक्षकाला तेवढ्यावर उठता येत नाही, कारण समोरचा माणूस खरा आहे आणि त्याची जखमही खरी आहे.

सेकंदाचा शतांश, आयुष्यभराची सल

१९६० च्या रोम ऑलिम्पिकमध्ये ४०० मीटरच्या शर्यतीत मिल्खासिंग चौथे आले. हातघड्याळाच्या नोंदीप्रमाणे तिसऱ्या क्रमांकाचा माल्कम स्पेन्स ४५.५ सेकंदांत आणि मिल्खासिंग ४५.६ सेकंदांत पोहोचले. २०२१ मध्ये मिल्खासिंग गेले; तोवरच्या साठ वर्षांत त्यांनी ही शर्यत पुनःपुन्हा बोलून दाखविली. फाळणीच्या कत्तलीत डोळ्यांसमोर आप्त गमावलेल्या या माणसाला त्या दुःखाच्या जोडीने रोमची सल सांगावीशी वाटे, यावरून तिची खोली कळावी. १९८४ मध्ये लॉस एंजेलिसला पी. टी. उषा ४०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत ५५.४२ सेकंदांत पोहोचली, कांस्यपदक ५५.४१ ला गेले. एका सेकंदाचा शंभरावा भाग! पापणी लवायलाही याहून अधिक वेळ लागतो. २०१६ मध्ये रिओला दीपा कर्माकर जिम्नॅस्टिक्सच्या व्हॉल्ट प्रकारात चौथी आली, तर टोकियोत गोल्फपटू अदिती अशोक आणि महिलांचा हॉकी संघ.

पॅरिसमध्ये तर चौथ्या क्रमांकाची जणू रांगच लागली. अर्जुन बबुता, मनू भाकर, लक्ष्य सेन, मीराबाई चानू, तिरंदाजीच्या मिश्र गटात अंकिता भकत व धीरज बोम्मदेवरा, आणि नेमबाजीच्या स्कीट प्रकारात माहेश्वरी चौहान व अनंतजीतसिंग नरुका. एकाच ऑलिम्पिकमध्ये सहा वेळा! भारताची एकूण पदकेही सहाच होती. एक रौप्य आणि पाच कांस्य. पदकतक्त्यात हे दुसरे सहा कोठेच दिसत नाहीत. टोकियोतील सात पदकांच्या तुलनेत पॅरिसला 'निराशाजनक' म्हणून निकाली काढणाऱ्यांनी तो तक्ताच पाहिलेला असतो. कांस्यपदक आणि रिकामे हात यांत जेमतेम एक किलोचे किंवा एका नेमाचे अंतर असताना पहिल्याला कोटींची बक्षिसे आणि दुसऱ्याला विस्मृती, हा हिशेब न्यायाचा नाही. तो प्रेक्षकाच्या आळसाचा आहे, कारण तक्ता वाचायला एक क्षण लागतो आणि खेळ समजून घ्यायला वर्षे लागतात.

अज्ञानातून अफवा, ज्ञानातून आदर

विनेशच्या अपात्रतेनंतर जे घडले ते या दृष्टीने बोधप्रद आहे. बातमी आल्यावर घटकाभरातच मोबाइलवरून कारस्थानाच्या कथा धावू लागल्या. कोणी आहारात काही मिसळल्याचा शोध लावला, कोणी सहायक पथकावर आरोप केला, कोणी परकीय शक्तींचा हात पाहिला. कुस्तीचा नियम काय आहे, हे विचारण्याची उसंत मात्र थोड्यांनाच होती. ऑलिम्पिक कुस्तीत एका वजनगटाच्या लढती दोन दिवस चालतात आणि दोन्ही दिवशी सकाळी वजन द्यावे लागते. विनेशचा टोकियोतील गट ५३ किलोचा. पॅरिससाठी त्या गटातील भारताची जागा अंतिम पंघालने मिळविलेली असल्याने विनेश ५० किलोत उतरली. पहिल्या दिवशी वजन बसले. परंतु तीन लढती खेळायच्या तर अंगात पाणी आणि अन्न जायलाच हवे, आणि ते गेले की घटविलेले वजन पुन्हा वर येते. मग रात्रभर धावणे, वाफ घेणे, अन्नपाणी वर्ज्य करणे, केस कापणे, हे सारे झाले. तरी १०० ग्रॅम उरलेच. क्रीडा लवादानेही पुढे तिचे अपील फेटाळले.

याच नियमाची दुसरी बाजू अवघ्या दोन दिवसांनी दिसली. उपांत्य लढत संपली तेव्हा अमन सेहरावतचे वजन ५७ किलोच्या मर्यादेपेक्षा सुमारे साडेचार किलोंनी अधिक होते. सुमारे दहा तासांत, झोप न घेता, त्याने ते खाली आणले, सकाळी काट्यावर उभा राहिला आणि मग कांस्यपदकाची कुस्ती १३-५ अशी जिंकली. हा सारा खटाटोप ज्याला ठाऊक असेल त्याला विनेशचे दुःख अधिक टोचेल आणि अमनचे यश अधिक मोठे वाटेल. ज्ञानाने भावना थंड पडत नाही, ती खोल जाते. अफवा मात्र भावनेला उथळ करते, कारण तिला कोणीतरी शत्रू हवा असतो.

विनेशच्या संदर्भात आणखी एक गोष्ट स्पष्टपणे नोंदविली पाहिजे. २०२३ मध्ये दिल्लीत झालेल्या कुस्तीगिरांच्या आंदोलनात ती अग्रभागी होती. त्या आंदोलनाविषयी मते भिन्न असू शकतात. परंतु तिच्या विजयाचा आनंद मानण्यापूर्वी काहींनी तिच्या मतांची झडती घेतली, आणि तिच्या अपात्रतेत काहींना समाधानही वाटले. छातीवर तिरंगा लावून मॅटवर उतरलेल्या मुलीच्या पराभवाने ज्याला सुख होते, त्याने आपल्या देशप्रेमाची एकदा तपासणी करून घ्यावी. त्या दुपारी तिची विचारपूस करायला जी अध्यक्षा गेली ती पी. टी. उषा होती. एका शतांशाचे दुःख चाळीस वर्षे सांभाळलेल्या स्त्रीला १०० ग्रॅमचे दुःख कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

चेन्नई की कोलकाता?

पराभव झाला की अपराधी शोधायचा, ही खोड क्रिकेटने सर्वाधिक जोपासली. १३ मार्च १९९६ रोजी कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात भारताची अवस्था ८ बाद १२० झाली. प्रेक्षकांनी बाटल्या फेकल्या, आगी लावल्या आणि सामना श्रीलंकेला बहाल करावा लागला. जगाने त्या दिवशी भारताचा पराभव पाहिला आणि भारतीय प्रेक्षकाचाही पाहिला. २००७ च्या विश्वचषकातून संघ लवकर बाहेर पडला तेव्हा रांचीत महेंद्रसिंग धोनीच्या बांधकाम चालू असलेल्या घरावर जमाव चालून गेला. चार वर्षांनी त्याच धोनीने वानखेडेवर षटकार मारून विश्वचषक जिंकून दिला. २०२२ च्या आशिया चषकात एक झेल सुटला म्हणून अर्शदीपसिंगच्या देशनिष्ठेवर शिंतोडे उडविण्यात आले. २०२४ मध्ये भारताने ट्वेंटी-२० विश्वचषक जिंकला तेव्हा भारताकडून सर्वाधिक बळी त्याचेच होते. एका झेलावर निष्ठा जोखणारे त्या रात्री त्याच्याच नावाने नाचले असतील. त्यांनी अर्शदीपची क्षमा मागितल्याचे मात्र ऐकिवात नाही.

याच देशाने दुसराही आदर्श घालून दिलेला आहे. जानेवारी १९९९ मध्ये चेन्नईच्या चेपॉक मैदानावर पाकिस्तानविरुद्धची कसोटी भारताने अवघ्या १२ धावांनी गमावली. सचिन तेंडुलकरने पाठदुखी सोसून १३६ धावा केल्या आणि विजय हाताशी आलेला असताना तो बाद झाला. मैदान क्षणभर सुन्न झाले. मग प्रेक्षक उठून उभे राहिले आणि विजेत्या पाकिस्तानी संघासाठी टाळ्या वाजवू लागले. तो संघ मैदानाला फेरी घालून त्या टाळ्यांचा स्वीकार करीत होता. तेथे बसलेल्यांचे देशप्रेम कोणाहून कमी होते काय? मुळीच नव्हे. त्यांना आपल्या देशाविषयी एवढा विश्वास होता की, प्रतिस्पर्ध्याला दाद दिल्याने तो उणा होणार नाही, हे त्यांना ठाऊक होते. १९ नोव्हेंबर २०२३ च्या अहमदाबादमध्ये मात्र ट्रॅव्हिस हेडच्या शतकापुढे विराट मैदानात शांतता पसरली. सलग दहा सामने जिंकून आलेल्या संघाचा अंतिम सामन्यातील पराभव जिव्हारी लागणे साहजिक होते. परंतु उत्तम खेळाला चार टाळ्या दिल्या असत्या तर त्या भारतीयांच्याच मोठेपणाच्या ठरल्या असत्या.

पॅरिसच्या भालाफेकीनंतरचा प्रसंगही असाच मोलाचा आहे. पाकिस्तानच्या अर्शद नदीमने ९२.९७ मीटरचा ऑलिम्पिक विक्रम करून सुवर्णपदक नेले. तेव्हा हरियाणातील खंडरा गावी नीरजची आई शांतपणे म्हणाली की, सुवर्ण जिंकणाराही आपलाच मुलगा आहे. सीमेपलीकडून नदीमच्या आईनेही नीरजविषयी तेच म्हटले. पुढे एप्रिल २०२५ मध्ये पहलगामचे भीषण हत्याकांड झाले आणि सारा देश संतापाने पेटला. तो संताप न्याय्य होता. परंतु हल्ल्यापूर्वीच पाठविलेल्या एका क्रीडा निमंत्रणाचे निमित्त करून काहींनी तो नीरजवर आणि त्याच्या आईवर उलटविला. भारतीय सेनेचा गणवेश अंगावर वागविणाऱ्या या खेळाडूला आपल्या निष्ठेचे निवेदन प्रसिद्ध करावे लागले. शत्रूवरचा राग आपल्याच माणसावर काढणे हे शौर्य नव्हे. ज्या आईला आठ महिन्यांपूर्वी डोक्यावर घेतले तिलाच पायदळी तुडविणारी भावना देशभक्तीचे नाव लावून फिरत असेल, तर ते नाव तिच्याकडून काढून घेतले पाहिजे.

कांबळवाडीचा धडा

येथे एक आक्षेप संभवतो. हरणाऱ्याचे असे कौतुक केले तर हरण्याचीच सवय लागेल. चौथ्या क्रमांकावर समाधान मानणारा देश पहिला कधी येणार? आक्षेप योग्य आहे. लक्ष्य सेनने कांस्यपदकाच्या सामन्यात पहिला गेम २१-१३ असा घेऊनही मलेशियाच्या ली झी जियाकडून पराभव पत्करला, तेव्हा खुद्द प्रकाश पदुकोण यांनी खेळाडूंनीही आता जबाबदारी घ्यावी, असे परखडपणे सुनावले. ती चिकित्सा होती. तिच्यामागे आयुष्यभराचा अधिकार होता आणि पुढच्या सामन्याची काळजी होती. चिकित्सा चूक दाखवून खेळाडूला पुढे नेते. निंदा खेळाडूलाच चूक ठरविते. पहिली हवीच आहे. दुसरीने आजवर एकही पदक मिळालेले नाही.

चौथ्या क्रमांकाचे काय होऊ शकते, याचे उत्तर कोल्हापूर जिल्ह्यातील राधानगरी तालुक्याच्या कांबळवाडीने दिले. शिक्षकाचा मुलगा आणि रेल्वेत तिकीट तपासनीस असलेला स्वप्नील कुसाळे २०२२ मध्ये कैरोच्या जागतिक स्पर्धेत ५० मीटर थ्री पोझिशन रायफल प्रकारात चौथा आला. पुढच्या वर्षी हांगझौच्या आशियाई स्पर्धेत तो पुन्हा चौथा आला. त्या दोन्ही दिवशी त्याचे नाव महाराष्ट्रातील किती घरांत उच्चारले गेले असेल? १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसच्या अंतिम फेरीत गुडघा टेकून नेम धरण्याचा टप्पा संपला तेव्हा तो सहावा होता, पालथे पडून नेम धरण्याचा टप्पा संपला तेव्हा पाचवा. आणि उभे राहून नेम धरताना, एकेक स्पर्धक बाद होत असताना, तो ४५१.४ गुणांसह तिसरा आला. महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळाले ते ७२ वर्षांनी. दोन चौथ्या क्रमांकांच्या पायावर हे तिसरे स्थान उभे होते. ते पाय घालणारी वर्षे त्याने, त्याच्या घरच्यांनी आणि प्रशिक्षकांनी पाहिली. प्रेक्षकाने फक्त कळस पाहिला.

बहात्तर वर्षांपूर्वीची कथा तर याहून बोलकी आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ मध्ये लंडनला सहावे आले होते. १९५२ च्या हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. हेलसिंकीत एक दीर्घ कुस्ती संपताच खाशाबांना विश्रांती न देता लगेच पुढच्या लढतीसाठी उभे करण्यात आले. त्यांची बाजू मांडायला तेथे भारताचा एकही अधिकारी नव्हता. तरीही त्यांनी कांस्यपदक आणले. तो सामना महाराष्ट्रात कोणी पाहिला नाही. दूरचित्रवाणी नव्हती, पुनर्दर्शन नव्हते. तरी कराडहून गोळेश्वरपर्यंत शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. पुढे खाशाबांनी कुस्त्या भरवून त्या पैशांतून प्राचार्यांचे घर सोडविले. न पाहिलेल्या सामन्यासाठी एका माणसाने घर गहाण ठेवले होते, आणि आज प्रत्येक क्षण डोळ्यांनी पाहणाऱ्या समाजातील किती जण गावच्या तालमीसाठी महिन्याकाठी शंभर रुपये बाजूला काढतात?

प्रेक्षकाचे ऋण

भारतीय मनाला ऋण ही कल्पना नवी नाही. ज्या आनंदासाठी स्वतः घाम गाळला नाही, तो आनंद उसनाच असतो, आणि उसने घेतलेले फेडावे लागते. ऑलिम्पिकचे सतरा दिवस भावनेच्या हिंदोळ्यावर झुलायचे आणि मग पुढची चार वर्षे शाळेचे मैदान वाहनतळासाठी दिले तरी गप्प बसायचे, यात फेड कोठे आहे? कन्येने दहावीच्या वर्षी मैदानावर जाऊ नये म्हणून तिच्या पायातले बूट लपविणारे घर पॅरिसमधील मनू भाकरसाठी टाळ्या वाजवीत असेल, तर त्या टाळ्यांचा अर्थ काय? मांडव्याचा अविनाश साबळे लहानपणी शाळेत जाण्यासाठी कित्येक किलोमीटर धावला, सैन्यात दाखल होऊन सियाचीनच्या थंडीत राहिला आणि ऑलिम्पिकमध्ये या शर्यतीची अंतिम फेरी गाठणारा पहिला भारतीय पुरुष ठरला. त्याचा 'अकरावा क्रमांक' हे अपयश नव्हते, हे ज्याला कळायचे त्याने निदान तालुक्याच्या एका धावण्याच्या स्पर्धेला उभे राहिलेले असावे लागते. जिल्हा पातळीची स्पर्धा, रविवारचा खो-खोचा सामना, शाळेच्या मुलींची कबड्डी यांना प्रेक्षक म्हणून जाण्यास पैसा लागत नाही. सवड काढावी लागते, एवढेच.

भावना आवरण्याचा सल्ला येथे दिलेला नाही. मनू भाकरने आपल्या पदकानंतर गीतेचा उल्लेख केला; कर्म करीत राहावे आणि फळाची चिंता सोडावी, हे तिने अंतिम फेरीत मनाशी धरले होते. टोकियोत पिस्तूल नादुरुस्त होऊन रडत बाहेर पडलेली हीच मुलगी तीन वर्षांनी तेवढ्या शांतपणे उभी राहिली, दोन पदके घेऊन गेली आणि तिसरे हुकले तेव्हा डळमळली नाही. गीतेचे समत्व म्हणजे दगड होणे नव्हे, हे तिने दाखविले. प्रेक्षकाने रडावे, ओरडावे, देवापुढे दिवा लावावा. परंतु विजयात मस्तवाल आणि पराभवात क्रूर होऊ नये. जे खेळाडूला विशीत साधते ते प्रौढ प्रेक्षकाला घरात बसून साधू नये काय?

हा प्रश्न आता केवळ सद्भावनेचाही राहिलेला नाही. २०३० च्या राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला होणार आहेत आणि २०३६ च्या ऑलिम्पिकच्या यजमानपदासाठी भारताने इच्छा प्रकट केली आहे. स्टेडियमे सिमेंटने उभारता येतात, प्रेक्षक तसा उभारता येत नाही. परदेशी धावपटू जिंकेल तेव्हा त्या मैदानात टाळ्या वाजतील की शांतता पसरेल, आणि भारतीय मुलगी चौथी येईल तेव्हा लोक तिच्या नावाचा घोष करतील की दाराकडे वळतील, हे आजच्या बैठकीच्या खोल्यांत ठरत आहे. मुले पडद्याकडे जेवढे पाहतात तेवढेच वडिलांच्या चेहऱ्याकडे पाहत असतात. हरलेल्या खेळाडूला वडिलांनी शिवी हासडली तर ती मुलांच्या कानात राहते. 'चांगला खेळला हो' असे वडील म्हणाले तर तेही राहते.

२०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये पुन्हा रात्री जागविल्या जातील, पुन्हा काही पदके येतील आणि काही थोडक्यात हुकतील. १९८४ मध्ये त्याच शहरात उषाचे पदक एका शतांशाने हुकले होते. तेथे एखादी भारतीय मुलगी चौथी आली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी तिचे नाव, तिचे गाव आणि तिचा खेळ किती घरांना सांगता येईल? तेवढे जरी सांगता आले, तरी फेड सुरू झाली असे म्हणता येईल.